स्वखुशीचा राजीनामा

राजीनाम्यावर अक्षर हृषीकेशचं होतं, मजकूर मात्र त्याच्या आईचा, सरोजिनीबाईंचा. ही गोष्ट घरात दोघांनाच माहीत होती, आणि घरात माणसंही दोनच होती.

पत्र लिहायचं म्हटलं की सरोजिनीबाईंना पहिल्यापासून उत्साह. मराठी घेऊन बी. ए. झालेल्या. जुळे सोलापुरातल्या त्यांच्या सोसायटीत कुणाला पाण्याच्या तक्रारीचा अर्ज करायचा असो, कुणाच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका छापायची असो, लोक दार वाजवायचे. चार ओळी सांगा, म्हणायचे. त्या चार सांगायच्या आणि पाचवी पदरची घालायच्या. राजीनाम्यातली पाचवी ओळ अशी होती : ‘हा राजीनामा मी कोणत्याही दबावाखाली न येता, वैयक्तिक कारणास्तव, स्वखुशीने देत आहे.’ ओळ लिहून झाल्यावर त्यांनी ती एकदा मोठ्याने वाचून घेतली होती. छान उतरली आहे, असंही म्हणाल्या होत्या.

हृषीकेश चौतीस वर्षांचा. अंगाने किरकोळ, बोलणं बेताचं, शर्टाच्या खिशाला कायम दोन पेनं. त्याचे वडील गंगाधरपंत एका शाळेच्या ऑफिसात एकतीस वर्षं लेखनिक होते. निवृत्तीच्या दिवशी शाळेने त्यांना शाल आणि नारळ दिला, तो फोटो अजून बाहेरच्या खोलीत लावलेला आहे. फोटोतले गंगाधरपंत शालीत अवघडून उभे आहेत. पुढे सहाच वर्षांनी ते गेले. मुलाला त्यांनी इस्टेट म्हणून काही ठेवलं नाही. कागद जपायची सवय तेवढी ठेवली.

बी. कॉम. झाल्यावर हृषीकेशने दोन वर्षं इकडेतिकडे काढली आणि मग अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात क्लार्क म्हणून लागला. नऊ वर्षं तिथेच राहिला. कारखान्यात सत्तावीस कामगार, अठ्ठाविसावा तो. हजेरी, पगारपत्रक, फंड आणि ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, दर महिन्याचं विवरण त्याच्याकडे. पंधरा तारखेच्या आत विवरण गेलं नाही, असं नऊ वर्षांत एकदाही झालं नाही. त्याच्या टेबलाच्या खणात प्रत्येक कामगाराच्या नावाचं एक पाकीट असायचं. आधारची झेरॉक्स, पासबुकाचं पहिलं पान, मुलांच्या जन्मतारखा, सगळं त्यात. कुणाची बाई दवाखान्यात अडली की तो ते पाकीट घेऊन स्कूटरवर जायचा. कामगार त्याला क्लार्कसाहेब म्हणायचे. मालक नुसतं हृषीकेश म्हणायचे, पण किल्ल्या त्याच्याकडे असायच्या.

दिवाळी झाली आणि मालकांनी त्याला आत बोलावून दार लावून घेतलं. बाहेरच्या ऑर्डरी वर्षभर आटत चालल्या होत्या, ते त्यालाही दिसत होतं. नोव्हेंबरअखेर कारखाना बंद करायचा, असं मालक म्हणाले. तोवर सगळ्यांचे कागद नीट करून दे. यंत्रमाग भंगारवाल्याने वजनावर उचलले.

नोव्हेंबरचे शेवटचे सहा दिवस हृषीकेशने रिकाम्या होत चाललेल्या शेडमध्ये एक टेबल टाकलं आणि एकेका कामगाराला समोर बसवून समजावलं. ईएसआयची एक योजना आहे. ज्याचं काम त्याच्या चुकीशिवाय सुटलं, त्याला तीन महिनेपर्यंत अर्ध्या पगाराइतका भत्ता मिळतो. आयुष्यात एकदाच. त्याला निदान दोन वर्षांची सलग नोकरी लागते, वर्गणी भरलेली लागते आणि काम आपण होऊन सोडलेलं चालत नाही. महिना उलटला की अर्ज करायचा. पहिल्या दिवशी कुणाचा विश्वास बसेना. घरी बसून पैसे कोण देतं साहेब, अशी चेष्टा झाली. दुसऱ्या दिवसापासून लोक पासबुकं घेऊन यायला लागले.

शेवटच्या विवरणात प्रत्येक नावापुढे काम सुटण्याचं कारण निवडायचं होतं. सत्तावीस नावांपुढे त्याने ‘कामगार कपात’ निवडलं. अठ्ठाविसावी ओळ तशीच ठेवून तो घरी आला.

जेवताना त्याने आईला विचारलं, माझं काय लिहू. त्या संध्याकाळची भाजीसुद्धा सरोजिनीबाईंना आठवते. दोडक्याची होती.

त्यांनी फार विचार केला नाही. केला असता तर बरं झालं असतं, हे त्यांना नंतर हजारदा वाटलं. तेव्हा डोक्यात एकच होतं, कुर्डुवाडीचं स्थळ. मुलगी पूनम, वडील रेल्वेत. पत्रिका जमली होती, फोटो आवडला होता, पुढच्या पंधरवड्यात बघायला यायचं ठरत होतं. अशा वेळी मुलाच्या नावापुढे कपात? शिवाय गंगाधरपंतांच्या घरात आजवर कुणाला कुणी काढलं नव्हतं. माणसं निवृत्त व्हायची, शाल घेऊन घरी यायची.

“काढलं हा शब्द एकदा कागदावर चढला की खाली उतरत नाही, हृषी,” त्या म्हणाल्या. “तू राजीनामा दे. सन्मानाने बाहेर पड.”

“मग भत्ता बसणार नाही मला.”

“तो काय आपल्यासाठी आहे का? मजुरांसाठी आहे तो. नऊ वर्षांचा अनुभव आहे तुला, महिन्याभरात दुसरी नोकरी लागेल.”

त्याने ताटातला भात संपवला. मग हात धुऊन कोरा कागद घेऊन आला आणि म्हणाला, सांग. त्यांनी सांगितलं.

नोकरी महिन्याभरात लागली नाही. दोन महिन्यांतही नाही. आणि कुर्डुवाडीचं स्थळ तर त्याआधीच मोडलं. मुलाने राजीनामा दिला, एवढंच सरोजिनीबाईंनी मध्यस्थाला कळवलं होतं. त्याचा फोनवर निरोप आला. मुलीचे वडील म्हणत होते, दुसरी नोकरी हातात नसताना कुणी चालती नोकरी सोडतं का? मुलगा धरसोड करणारा दिसतो. कारखाना बंद पडून घरी बसला असता तर समजून घेतलं असतं.

हा निरोप त्यांनी मुलाला पूर्ण सांगितला नाही. पत्रिकेत काहीतरी निघालं, एवढंच सांगितलं. तो बरं म्हणाला.

जानेवारीपासून हृषीकेश रोज सकाळी विजापूर रोडवरच्या शरणबसवच्या दुकानात जाऊन बसायला लागला. झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान. कारखान्यातले लोक एकेक करून तिथे यायचे आणि हा त्यांचे भत्त्याचे अर्ज भरून द्यायचा. पैसे घ्यायचा नाही. अर्ज भरायचा, छापून घ्यायचा, कुठे सही करायची तिथे पेन्सिलने फुली मारायची, पासबुकाची झेरॉक्स टाचायची. बंद पडलेल्या कारखान्यातली पाकिटं त्याने घरी आणून ठेवली होती, ती उपयोगी पडत होती. अधूनमधून स्वतःचे नोकरीचे अर्जही तिथूनच करायचा. सरोजिनीबाईंना वाटायचं, घराबाहेर पडतो आहे, माणसांत बसतो आहे, हेही नसे थोडके. मात्र दुपारी स्कूटरचा आवाज यायला उशीर झाला की त्या गॅलरीत जायच्या. घरी आला की जेवलास का, हे तो समोर जेवत असतानाही विचारायच्या.

मार्चमध्ये ऊन कडक झालं. एक दिवस दुपारी दार वाजलं. दारात रत्नम्मा होती. कारखान्यात टॉवेलच्या कडा शिवायची. कपाळावर घाम, हातात शेंगाच्या चटणीचा डबा.

“क्लार्कसाहेब हायत का, अम्मा? माझे पैसे आले की. मोबाइलवर मेसेज आला. पोराकडनं दोनदा वाचून घेतला.”

सरोजिनीबाईंनी तिला आत बसवलं, पाणी दिलं. रत्नम्मा फोटोतल्या गंगाधरपंतांकडे बघून हात जोडून मग खुर्चीच्या कडेवर बसली. म्हणाली, साहेबांनी चार खेपा घातल्या माझ्यासाठी. बँकेचं खातं बंद पडलेलं, ते त्यांनीच चालू करून दिलं. आमच्यातल्या एकवीस जणांचे आले, उरलेल्यांचे येतील. मग पाण्याचा पेला खाली ठेवत तिने सहज विचारलं.

“साहेबांचे कधी आले? आमच्या आधी आले असतील की, व्हय?”

आले नाहीत अजून, असं सरोजिनीबाई म्हणाल्या. रत्नम्माला ते खरंच वाटलं नाही. ती हसली आणि म्हणाली, सगळ्यांचं करताना सोताचं मागं ठेवत असतील, लई भोळं माणूस.

त्या रात्री जेवण झाल्यावर त्यांनी विषय काढला. खरं म्हणजे विषय काढायची वेळ आलीच होती. फ्लॅटचा हप्ता आता शिलकीतून जात होता, आणि शिलकीला तळ दिसत होता. एका कॉलेजच्या ऑफिसात जूनमध्ये लेखनिकाची जागा निघणार होती. तिथले जुने अधीक्षक गंगाधरपंतांना ओळखायचे आणि जागा हृषीकेशलाच देऊ म्हणाले होते. पण जून यायला तीन महिने होते. दुसरीकडे सरोजिनीबाईंचा भाचा अनीश पुण्याहून फोन करत होता. पुण्याजवळ एका गोदामात माल मोजून नोंदवायचं काम आहे, रात्रपाळी आहे, एका खोलीत चौघं राहायचं. एक मेपर्यंत हजर झाला तरच. तीन महिन्यांचा भत्ता मिळाला तर हृषीकेश जूनपर्यंत सोलापुरात तग धरणार होता. नाही मिळाला तर त्याला जावं लागणार होतं. रात्रपाळीत याचं पोट बिघडतं, गर्दीत झोप लागत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

“माझं त्यात बसत नाही, आई,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. असता तर त्यांना बरं वाटलं असतं. “मी आपण होऊन सोडली आहे. तसं लिहिलंय.”

“पण ते खरं नाही ना. कारखाना बंद झाला हे सगळ्या गावाला माहीत आहे.”

“गावाला माहीत आहे.”

सरोजिनीबाई म्हणाल्या, उद्या आपण ऑफिसात जाऊ. मी येते. त्याने नको म्हटलं नाही. सकाळी त्याने आपला अर्ज भरून छापून आणला. सही कुठे करायची तिथे सवयीने पेन्सिलची फुलीही मारली आणि मग खोडरबर घेऊन पुसली.

विम्याच्या ऑफिसात खिडकीमागे एक तरुण मुलगी होती. बोलायला चांगली होती, हे सरोजिनीबाई अजून सांगतात. तिने त्यांना खुर्ची द्यायला लावली. हृषीकेशला ती तोंडओळखीने ओळखत होती. तुम्ही नेहमी लोकांचे अर्ज घेऊन येता ना, असं म्हणून तिने त्याचा विमा क्रमांक संगणकावर टाकला. वर्गणी पूर्ण होती, नऊ वर्षांची. पगार मर्यादेत होता. मग तिची बोटं थांबली.

“इथे ‘नोकरी सोडली’ असं आलंय. हे भरलं कुणी?”

“मीच,” हृषीकेश म्हणाला.

“आणि बाकीच्या सत्तावीस जणांचं?”

“तेही मीच भरलं.”

तिने मान वर करून त्याच्याकडे बघितलं, मग सरोजिनीबाईंकडे. मालकांनी लेखी दिलं की कारखाना बंद झाल्यामुळे याला कमी केलं, राजीनामा मागे घेतला गेला आणि नोंद दुरुस्त करून पाठवली, तर अर्ज पुन्हा बघता येईल, असं तिने सांगितलं. नाही तर मात्र काही करता येणार नाही. ‘मात्र’ म्हणताना तिने आवाज खाली आणला. अर्ज तरीही ठेवून घेतला.

बाहेर पडल्यावर हृषीकेश म्हणाला, मालकांकडे नको जायला. सरोजिनीबाई ऐकायला तयार नव्हत्या. त्याच संध्याकाळी त्या त्याला घेऊन गेल्या.

मालक घरीच होते. कारखाना गेल्यापासून माणूस खचल्यासारखा दिसत होता. दाढी वाढलेली, पायात मोजे. त्यांच्या पत्नीने चहा आणला. मालकांनी सगळं ऐकून घेतलं, उठून आत गेले आणि एक फाइल घेऊन आले. त्यात वरच हृषीकेशचं पत्र होतं, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं.

“एवढं सुंदर पत्र मला कुणी लिहिलं नव्हतं. सांभाळून ठेवलंय.”

मग ते बोलत राहिले. हृषीकेशसाठी चार चांगले शब्द कुठेही लिहून देईन. पण ही नोंद बदलायची तर बंद झालेल्या कारखान्याचे कागद पुन्हा उघडायचे. वकील म्हणतो, एक कागद उघडला की दहा उघडतात. माझी तब्येत ही अशी. पोरगा हैदराबादला, तो म्हणतो आता कशात पडू नका.

सरोजिनीबाईंनी कप खाली ठेवला.

“पत्र मी सांगितलं होतं,” त्या म्हणाल्या. “त्यातलं एक वाक्यही त्याचं नाही. तो माझ्या शब्दाबाहेर गेला नाही, एवढाच त्याचा दोष.”

मालकांनी फाइल मिटली.

“ताई, मी त्या दिवशी त्याला विचारलं होतं. म्हटलं, सगळ्यांना कपात लावतोस आणि तुझा राजीनामा का रे? तो म्हणाला, घरी तसं ठरलंय. मी म्हटलं, घरच्यांना भत्त्याचं माहीत आहे का? तर म्हणाला, माहीत आहे.”

निघताना हृषीकेशने वाकून नमस्कार केला. मालकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही.

परत येताना सरोजिनीबाई स्कूटरवर मागे बसल्या होत्या. आसरा चौकात सिग्नल लागला. तेवढ्या वेळात माफी मागावी, असं त्यांच्या मनात आलं होतं. पण दिवा हिरवा झाला आणि मागच्या रिक्षाने हॉर्न वाजवला.

अर्ज नामंजूर झाल्याचं कळायला तीन आठवडे लागले. तोवर हृषीकेश शरणबसवच्या दुकानात जातच होता. उरलेल्या सहापैकी पाच जणांचे पैसे आले. सहावा वैरागला भावाच्या दुकानावर गेला होता, त्याला फोन करकरून बोलावून त्याने त्याचाही अर्ज भरला. शरणबसव एकदा सरोजिनीबाईंना भेटला तेव्हा म्हणाला, काकू, सरांनी सत्तावीस जणांचं बरोबर केलं. त्याला वाटलं, त्या ऐकून खूश होतील.

एप्रिलच्या शेवटी अनीशने पुण्याहून गोदामाचा फॉर्म पाठवला. भरून, फोटो लावून परत पाठवायचा होता. हृषीकेश जेवणाच्या टेबलाशी बसला, तिथेच, जिथे त्याने राजीनामा लिहिला होता. सरोजिनीबाई त्याच्या शर्टांची बटणं तपासत होत्या. खोलीतल्या चौघांत कोण बटण लावून देणार? त्याने नाव लिहिलं, पत्ता लिहिला, शिक्षण लिहिलं. मग पेन थांबलं. त्यांनी वर बघितलं. रकाना होता, आधीची नोकरी सोडण्याचे कारण.

“कारखाना बंद झाला म्हणून लिही,” त्या लगेच म्हणाल्या. “काढलं म्हणून लिही. खरं ते लिही, हृषी.”

त्याने पेनाचं टोपण बोटात फिरवलं.

“आता नाही लिहिता येणार, आई. हे लोक मालकांना फोन करून विचारतात. मालक राजीनामा दाखवतील. मग मी खोटा ठरेन.”

पंखा फिरत होता. फॉर्मचा कोपरा वर उचलला जात होता, त्यावर त्याने स्टीलची वाटी ठेवली. मग खाली वाकून त्याने लिहायला सुरुवात केली. वैयक्तिक कारणास्तव. अक्षर नेहमीसारखं, गोल आणि सुटं. तेवढं लिहून तो पुन्हा थांबला, जणू पुढचा शब्द सांगायला आईची वाट बघत होता. सवयीने बघत असेल.

“एवढंच पुरे,” सरोजिनीबाई म्हणाल्या. “स्वखुशीने नको लिहूस.”

त्याने पूर्णविराम दिला आणि पान उलटलं.